शून्य सेकंदात

धावून यायला शून्य सेकंद लागल्याबद्दल सुकुमार मगदूमचा जाहीर सत्कार ठरला, तेव्हा पांडबा लोहाराला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आणि सुकुमार शून्य सेकंदात धावला होता तो पांडबासाठीच. सगळ्या राज्यात पहिला नंबर. फक्त खुद्द सुकुमारला याची काही कल्पना नव्हती. त्याच्या आठवणीप्रमाणं तो त्या वेळी स्वतःच्या दुकानात बसून जळक्या पंख्याची तार उलगडत होता.

हे कसं झालं ते सांगायचं, तर सरकारनं हिंगणमाळला कसं नटवलं तिथनं सुरुवात करावी लागेल.

तोपर्यंत जग बरंच पुढं गेलं होतं. तालुक्याची ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरशिवाय चालायची. म्हैस आडवी आली की ती अदबीनं थांबायची, आणि हिंगणमाळच्या म्हशींना अदब कळत नाही. त्यामुळं गावात ॲम्ब्युलन्स पोचायची ती बहुतेक वेळा सुतक लागल्यावर.

यावर उपाय म्हणून ‘हाक’ योजना आली. योजनेत तीन वस्तू होत्या. सरकारी कागदात त्यांची नावं लांबलचक होती, पण गावानं ती पहिल्याच दिवशी बदलून टाकली. हृदयाच्या रोग्यानं छातीला चिकटवायची एक चकती होती, ती झाली टिकली. स्वयंसेवकानं कानाच्या वरच्या पाळीला अडकवायचं एक यंत्र होतं, ती झाली बुगडी. आणि ग्रामदैवताच्या देवळाशेजारी लोखंडी पिंजऱ्यात विजेचा धक्का देणारं यंत्र बसवलं, ती धक्कापेटी. गावातले मिशीवाले बाप्ये टिकल्या लावून आणि बुगड्या घालून हिंडायला लागले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. खंडेनवमीला धक्कापेटीला झेंडूचा हार पडला, हळदकुंकू लागलं, आणि अवजाराला त्या दिवशी विसावा द्यायचा असतो म्हणून पुजाऱ्यानं पिंजऱ्याला दुसरं कुलूप घातलं. नशिबानं त्या दिवशी कुणाला काही झालं नाही.

आता टिकली काय करायची ते ऐका, कारण खरा शोध तिच्यातच होता.

माणसाचं हृदय बंद पडलं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते एकदम बंद पडत नाही. आधी बिघडतं. प्रत्येक ठोक्यामागं विजेची एक लहर असते, ती सगळ्या हृदयातून शिस्तीत फिरते आणि हृदय एका दमात आवळतं. ही लहर फुटली की हृदयाचा कण न् कण आपापल्या मर्जीनं आवळायला लागतो. हृदय थरथरतं, पण रक्त पुढं जात नाही. मग एकच इलाज उरतो. बाहेरून विजेचा जोरदार धक्का द्यायचा, सगळ्यांना एकदम गप्प करायचं, म्हणजे हृदयाचा मूळचा ठेका पुन्हा लागू शकतो. उशीर झाला तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर आशा भराभर कमी होत जाते.

आत्तापर्यंत हे सगळं माणूस कोसळल्यावर कळायचं. नवा शोध असा लागला की लहर फुटायच्या काही मिनिटं आधी ठोके डुलायला लागतात. एक थोरला, एक बारका, एक थोरला, एक बारका. हा फरक इतका किरकोळ असतो की दवाखान्यातल्या कागदाच्या पट्टीवर दिसत नाही. पण छातीला सदान्‌कदा चिकटून बसलेल्या टिकलीला तो ऐकू येतो. म्हणजे माणूस मजेत चहा पीत असतानाच टिकली हाक मारू शकते.

प्रशिक्षणाच्या वेळी हे समजावायला शहरातून एक डॉक्टर आला होता. त्यानं पडद्यावर आकृत्या दाखवल्या. कुणाला काही कळलं नाही. मागं रोग्यांच्या बाकावर पांडबा लोहार बसला होता. त्याला एक झटका येऊन गेलेला, म्हणून पहिली टिकली त्यालाच मिळाली होती. पांडबा म्हणजे लोहार ब्रास बँडचा मास्तर. तीस वर्षं वराती वाजवलेला माणूस.

‘‘डॉक्टरसाहेब, म्हंजे वरातीत मारामारी लागल्यावर आमचा बँड वाजतो, तसं व्हय?’’ पांडबा म्हणाला. ‘‘वाजवत्यात समदीच. गाणं मातर न्हाई.’’

डॉक्टर म्हणाला, ‘‘अगदी तसंच!’’

‘‘आनि धक्का म्हंजे मी. मी शिट्टी मारतो, समदी गप, मग पुन्हा पयल्यापासनं.’’

सगळी खोली हसली. शेजारी बसलेला सुकुमार सगळ्यात जोरात हसला. सुकुमारचं मोटारी आणि पंखे वाइंडिंग करायचं दुकान. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा सुकुमारनं स्वयंसेवक म्हणून पहिला हात वर केला. कशासाठी, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि पांडबाला सांगायची गरज नव्हती.

पांडबानं मात्र सोडलं नाही. ‘‘ह्यो मला वाचवनार? ह्येला बायकूनं जेवायला हाक मारली तर जेवान आंबल्यावर ऐकू येतंय!’’

‘‘तू एक हाक मारून तर बघ मर्दा,’’ सुकुमार म्हणाला. ‘‘येतो का न्हाई बघ.’’

बुगडीची पण एक गंमत होती. तिच्यातला माइक एका सरकारच्या निधीतून आला होता आणि स्पीकर दुसऱ्या सरकारच्या. माइकचा निधी भरपूर आला, स्पीकरचा अडकला. शेवटी ठेकेदारानं खेळण्यातले स्पीकर बसवून काम मिटवलं. त्यामुळं बुगडीला गल्लीच्या टोकाला कुणी शिंकलेलं ऐकू जायचं, पण ती स्वतः काय बोलते ते ऐकायला माणसाला श्वास रोखून उभं राहावं लागायचं. सरकारी कान, दुसरं काय? ऐकतो सगळं, सांगत काही नाही.

आणि पुढची भानगड मांजरामुळं झाली.

सुरुवातीला टिकलीनं हाक मारली की आसपासच्या पाच-सहा स्वयंसेवकांना एकदम निरोप जायचा. एकदा अण्णू सुताराची टिकली आंघोळीच्या वेळी गळून पडली आणि न्हाणीघराच्या दारात झोपलेल्या मांजराच्या पोटाला चिकटली. मांजराचं हृदय माणसाच्या दुप्पट वेगानं चालतं. टिकली हादरली. सगळे स्वयंसेवक धावत आले. ओल्या पंच्यातला अण्णू कौलावर चढलेल्या मांजराला चुचकारतोय आणि खाली धक्कापेटी घेऊन माणसं उभी. मांजर वाचलं. पण योजनेत दर धावेला थोडं मानधन होतं आणि ते सगळ्यांच्याच खात्यात जमा झालं. वर्षाअखेरीला ऑडिटवाल्यांनी आक्षेप घेतला, ‘एका मांजरास पाच मानधने?’

त्यावर समिती बसली. समितीनं नियम केला, एका हृदयाला एकच स्वयंसेवक. सगळ्यात जवळच्याला विचारायचं. तो ‘येतो’ म्हणाला की दुसऱ्या कुणाला हाक मारायची नाही. रोग्याला काही सांगायचं नाही, नाहीतर तो घाबरूनच मरेल. घरच्यांना फोन करायचा, पण स्वयंसेवक पोचलेला असेल तर तोही नाही. उगाच गोंधळ कशाला?

यंत्राला मराठी शिकवायला मोठमोठी माणसं बसली होती. ‘येतो’ कळायचं, ‘येते’ कळायचं, ‘येतूय’, ‘आलोच’, ‘निघालो बघा’ असलं सगळं कळायचं. त्यासाठी त्यांना दिल्लीत बक्षीस पण मिळालं.

एक गोष्ट तेवढी कुणी शिकवली नाही. ती शिकवायची असते हेच कुणाला सुचलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सुकुमार नेहमीसारखा पांडबाकडं गेला. कानाला बुगडी, बगलेत मिक्सर होता. पांडबाच्या बायकोचा, आक्काताईचा. त्याची मोटार जळली होती आणि सुकुमारनं नवीन तार भरून आणली होती. आक्काताईनं लगेच शेंगदाणे आणि लसूण घालून बटण दाबलं. मिक्सरनं असा काही आवाज काढला, की दारातलं कुत्रं उठून पलीकडं गेलं.

‘‘मोटार भरलीस का ट्रॅक्टर बसवलास रे?’’ पांडबा ओरडला.

‘‘दणकट वाजतंय त्येच चांगलं असतंय!’’ सुकुमार ओरडला.

‘‘तुला आवाजातलं काय कळतंय? तुज्या लग्नात मी बेसूर वाजवलं हुतं, तुला अजून पत्ता न्हाई!’’

‘‘म्हनूनच संसार असा चाललाय माजा!’’

चहा झाला. आत आक्काताईनं मिक्सर पुन्हा लावला. पांडबा खुर्चीत रेलला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. जरा दमल्यासारखा दिसत होता, पण संध्याकाळचा तो तसाच दिसायचा. सुकुमारला दुकानात पंख्याचं काम होतं, गिऱ्हाईक येऊन बसायच्या आत जायचं होतं. तो उठला, चपला घातल्या आणि उंबऱ्यातून वळून म्हणाला,

‘‘येतो रे.’’

‘‘ये,’’ पांडबा म्हणाला.

सुकुमार गेला.

पांडबाच्या भिंतीला भिंत लागून बालवाडीच्या चौगुलेबाईंचं घर. त्या पण स्वयंसेवक. बुगडी घालून गवारी मोडत बसल्या होत्या. त्यांची बुगडी गप्पच राहिली.

आक्काताई चटणीची वाटी घेऊन बाहेर आली, ‘‘मीठ बघा जरा,’’ म्हणाली, तेव्हा पांडबाची मान एका बाजूला कलली होती. तिला वाटलं, डोळा लागला. तिनं वाटी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि दिवा लावायला आत गेली.

सुकुमारला कळलं ते गल्लीतल्या आरडाओरड्यानं. तो देवळाकडं पळाला, पिंजरा उघडला, पेटी छातीशी धरून पांडबाच्या घरात शिरला. चौगुलेबाई आधीच पांडबाची छाती दाबत होत्या, घामानं निथळत होत्या. सुकुमारनं दोन पट्ट्या चिकटवल्या. सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. पेटी मायाळू आवाजात म्हणाली, ‘‘लांब व्हा. तपासणी चालू आहे.’’

सगळे लांब झाले. घरात, दारात, खिडकीत माणसंच माणसं.

पेटी म्हणाली, ‘‘धक्क्याची गरज नाही.’’

‘‘हुश्श!’’ दारातनं कुणीतरी म्हणालं. ‘‘गरज न्हाई म्हंतंय!’’ बातमी मागं मागं गेली. ‘‘बरं हाय! गरज न्हाई!’’ एका म्हातारीनं जागेवरनंच देवाला हात जोडले. आक्काताई भिंतीला टेकून मटकन बसली आणि रडत-हसत म्हणाली, ‘‘आई आंबाबाई, वाचीवलंस गं.’’

सुकुमार आणि चौगुलेबाईंनी एकमेकांकडं बघितलं. बँड बेसूर वाजत असला तर शिट्टी मारून उपयोग. वाजवणारेच उठून गेल्यावर शिट्टी कुणाला मारायची? पेटीला तेवढंच सांगायचं होतं. चौगुलेबाई पुन्हा छाती दाबायला लागल्या. दमल्या की सुकुमार दाबायचा. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांना हात धरून उठवावं लागलं.

आक्काताईला शेवटी कुणी सांगितलं, ते सुकुमारला आठवत नाही.

दिवसकार्य झालं आणि योजनेचे मुख्याधिकारी कोरगावेसाहेब स्वतः सुकुमारच्या दुकानात आले. हातात पेढे.

‘‘मगदूम, अभिनंदन! राज्यात पहिले! हाक स्वीकारल्यापासून रोग्याजवळ पोचायला लागलेला वेळ, शून्य सेकंद!’’

‘‘कोन पोचलं?’’

‘‘तुम्ही. लोहारांच्या केसला.’’

‘‘साहेब, मी न्हवतोच तितं.’’

‘‘रेकॉर्डवर आहात,’’ साहेब प्रेमानं म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज बारीक करून त्यांनी समजावलं. योजनेचा पुढचा निधी गावाच्या सरासरी वेळेवर मिळतो. हिंगणमाळची सरासरी फार वाईट होती, योजना जाणारच होती. पण शून्य हा आकडा सरासरीत फार गुणी असतो, सगळ्यांना खाली ओढतो. एका शून्यावर गाव पास झालं. पेटी राहिली, बुगड्या राहिल्या, वेशीजवळ दुसरी पेटी मंजूर झाली. ‘‘माणूस गेला त्याचं दुःख आहेच. पण धावण्यात आपण कमी पडलो नाही.’’

सुकुमारनं पेढे परत सरकवले. ‘‘साहेब, यंतर चुकलंय. तपासा.’’

यंत्र चुकलंय म्हटल्यावर मुख्य कचेरीतून ऋजुता नावाची इंजिनिअर आली. पुण्याची, तरुण, चुणचुणीत. ती म्हणाली, आवाज साठवलेला आहे, पण रोग्याच्या घरच्यांसमोर आणि त्यांच्या संमतीनंच ऐकवता येतो. म्हणजे आक्काताईकडं जायला पाहिजे. दिवस झाल्यापासून सुकुमार तिकडं गेला नव्हता. पांडबा नसलेल्या घरात चहा कसा प्यायचा, ते त्याला कळत नव्हतं.

आक्काताईनं अंगठा दिला. ऋजुतानं टॅब टेबलावर ठेवला. आधी मिक्सरचा कर्कश आवाज आला, खोलीतली तिघंही दचकली. मग त्या आवाजाखाली यंत्राचा पुटपुटता निरोप, ‘‘पांडुरंग लोहार. धोका. येणार का? ... पांडुरंग लोहार. धोका. येणार का?’’ आणि मग अगदी स्वच्छ, ‘‘येतो रे.’’ त्यावर, ‘‘ये.’’ आणि यंत्र, ‘‘स्वीकृती नोंदवली. आपण पोचला आहात. धन्यवाद.’’

‘‘बघा,’’ ऋजुता म्हणाली. ‘‘यंत्र बरोबर आहे. विचारलंय, तुम्ही येतो म्हणालात. जागेवरच होतात, म्हणून शून्य सेकंद.’’

ती सुकुमारकडं वळली.

‘‘पण मग तुम्ही थांबला का नाहीत?’’

‘‘मी निघालो हुतो,’’ सुकुमार म्हणाला.

‘‘निघाला होता, तर येतो का म्हणालात?’’

‘‘मग काय जातो म्हनू, बाई? मानसाच्या दारातनं?’’

ऋजुताच्या घरी सगळे ‘बाय’ म्हणायचे. पण तिच्या आजीनं एकदा ‘जाते’ म्हटल्यावरून तिच्या पाठीत धपाटा घातला होता, तो तिला तिथं, त्या खोलीत आठवला.

‘‘आम्ही हे...’’ ती म्हणाली. ‘‘हे आम्ही यादीत घातलंच नाही.’’

‘‘वहिनी, मी...’’ सुकुमार म्हणाला.

आक्काताईनं हात वर केला. ‘‘गप बसा भावजी. बाई, पुन्हा लावा.’’

ऋजुतानं पुन्हा लावलं. मिक्सर, येतो रे, ये.

‘‘पुन्हा.’’

ती एकटक टॅबकडं बघत होती. सुकुमारकडं एकदाही बघितलं नाही. सुकुमारला वाटलं, संपलं. ह्या घराचं दार आपल्याला संपलं. तो उठला, चपला घातल्या, उंबऱ्यात सवयीनं वळला, आणि तोंडातून शब्दच फुटला नाही. कुठला शब्द फुटणार? तो तसाच निघून गेला. मागं पांडबा पुन्हा एकदा ‘ये’ म्हणाला.

मुख्य कचेरीनं झटकन सुधारणा केली. तिथली सुधारणा म्हणजे परिपत्रक. यंत्राला नव्यानं शिकवायला निधी नव्हता, म्हणून माणसांना शिकवायचं ठरलं. ‘स्वयंसेवकांनी निरोप घेताना ‘येतो’, ‘येते’ असे म्हणू नये. ‘जातो’, ‘जाते’ असे स्पष्ट म्हणावे.’

हिंगणमाळमध्ये हाहाकार झाला. चौगुलेबाई सकाळी बालवाडीला निघताना सासूला म्हणाल्या, ‘‘जाते हं, आई.’’ सासूनं त्यांना परत बोलावलं, पाय धुवायला लावले, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि मग सोडलं. हे रोज. बालवाडी रोज उशिरा भरायला लागली. दुसरा एक स्वयंसेवक सासुरवाडीहून निघताना सासूला ‘‘जातो मामी’’ म्हणाला, तर मामीनं पोरगी नांदायला धाडायचंच थांबवलं. जावयाच्या मनात काय आहे कुणाला ठाऊक?

सुकुमारचं वेगळंच झालं. त्याच्या तोंडातून दोन्ही शब्द गेले. तो नुसता उठायचा आणि चालायला लागायचा. त्याची बायको पद्मा वैतागली. ‘‘मुक्यावानी उठून काय जातायसा? भांडान झालंय का आपलं?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग तोंडानं काय तरी म्हना की. दाराला तरी कळू दे.’’

तेव्हापासून सुकुमार जाण्याआधी चपला मात्र उगाच दोनदा आपटायचा.

सत्काराचा दिवस आला. देवळापुढं मांडव, स्पीकर, शाल, श्रीफळ. कोरगावेसाहेबांनी आधीच कानात सांगितलं होतं, ‘‘मगदूम, जे झालं ते आपल्यात राहू द्या. शून्य खोडलं तर योजना गेली. अण्णू सुताराच्या छातीला पण टिकली आहे. त्याचा विचार करा.’’

सुकुमारनं रात्रंदिवस तोच विचार केला होता. बायकांच्या गर्दीत आक्काताई बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढून. शाल अंगावर पडली. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.

सुकुमार माइकपुढं उभा राहिला. बराच वेळ माइकची शिट्टीच वाजत राहिली.

‘‘शून्य सेकंदात मी गेलो, ह्ये खरं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पन गेलो. आलो न्हाई. पांडबानं ये म्हटलं, आनि मी गेलो.’’

त्यानं शाल काढली, नीट चार घड्या घातल्या, नारळ तिच्यावर ठेवला आणि खाली उतरला. टाळ्या वाजवायच्या का नाही, ते कुणाला कळेना. दोघांतिघांनी वाजवल्या, मग थांबले.

शून्य खोडलं गेलं. हिंगणमाळ नापास झालं. बुगड्या मुक्या झाल्या, टिकल्यांचा वरचा संबंध तुटला. पेटी जमा करायचा हुकूम आला, पण ती न्यायला गाडी पाठवायचा निधी नव्हता, त्यामुळं ती तिथंच राहिली. गाव सुकुमारवर काही दिवस चिडलं. मग सुकुमारनं दुकानाचं शटर लावून घेतलं, अण्णूची टिकली उघडली आणि तिला स्कूटरचा जुना भोंगा जोडला. आता टिकली घाबरली, की सगळ्या गल्लीत भोंगा होतो आणि ऐकेल तो धावतो. मानधन नाही, म्हणून ऑडिटपण नाही. मांजर आत्तापर्यंत दोनदा वाचलंय. पेटीच्या बॅटरीचं मात्र काय करायचं, ते कुणालाच माहीत नाही. सुकुमार ती कशीबशी जगवतो. नवी आणायची म्हटलं, तर शेवटी सरकारकडंच जावं लागतं.

एवढं सगळं झालं, पण पांडबाच्या गल्लीतून तो जायचा नाही. मागच्या बाजूनं, उकिरड्यावरून वळसा घालून जायचा.

एका दुपारी आक्काताईच दुकानात आली. बगलेत मिक्सर. काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘वाजंना झालाय.’’

एवढं बोलून ती गेली. जाताना ‘‘येते’’ म्हणाली.

सुकुमारनं मिक्सर उघडून बघितला. मोटार ठणठणीत होती. आतली एक तार सोडवलेली होती, ओढून नाही, हातानं, नीट. त्यानं तार जोडली, झाकण लावलं आणि मिक्सर पुढ्यात घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. मग उठला.

पांडबाची खुर्ची तिथंच होती. दुसरी खुर्ची, पाय ठेवायची, भिंतीशी सरकवलेली. त्यानं मिक्सर ओट्यावर ठेवला. आक्काताईनं बटण दाबलं. घरभर तोच ट्रॅक्टर. तिनं बटण बंद केलं.

‘‘वाजतोय,’’ ती म्हणाली.

‘‘वाजतोय,’’ सुकुमार म्हणाला, आणि जायला वळला. उंबऱ्यात आला. चपला घातल्या, एकदा आपटल्या, पुन्हा एकदा आपटल्या.

‘‘काय म्हनायचं आसंल त्ये म्हना की,’’ मागून आक्काताई म्हणाली.

‘‘मला म्हनवत न्हाई, वहिनी.’’

‘‘तवा तर म्हनला हुतासा.’’

सुकुमार पाठमोराच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

‘‘ती पोरगी मला त्यो आवाज दिऊन गेलीया,’’ आक्काताई म्हणाली. ‘‘रोज ऐकतीया मी. समदी म्हंत्यात यंतर चुकलं. म्या म्हंते, कुटं चुकलं? तुमी येतो म्हनलासा. ह्येंनी ये म्हटलं. यंतरानं लिवून घेटलं. त्यात खोटं काय हाय?’’

आक्काताई दाराशी आली.

‘‘मग आलासा का न्हाई, भावजी?’’ तिचा आवाज फुटला. ‘‘रोज सांजंला दोन कप चा टाकतीया मी. सवय मोडंना झालीया. एक वततीया मोरीत.’’

आत गॅसवर पातेलं सूं सूं करत होतं. दारातलं कुत्रं मान वर करून सुकुमारकडं बघत होतं, हा आत जाणार का बाहेर, म्हणून.

सुकुमारनं बाहीनं तोंड पुसलं.

‘‘येतो,’’ तो म्हणाला.

‘‘या,’’ आक्काताई म्हणाली.

त्यानं उंबऱ्याच्या आतच चपला काढल्या आणि वळून पांडबाच्या खुर्चीसमोर, भिंतीशी सरकवलेल्या खुर्चीत येऊन बसला. शून्य सेकंदात.